पंधरावा खळगा

"आधी खेळान दाखव, मगे सांग."

लालबागच्या त्या चाळीत हे वाक्य ठाऊक नाही असा माणूस नव्हता. आमच्या गावाला असा असा एक खेळ होता, असं कुणी कुशाबा धुरीला सांगायला गेलं, की कुशाबा त्याला पुढं बोलूच द्यायचा नाही. खिशातले चिंचोके त्याच्या पुढ्यात ओतायचा, हातात खडू द्यायचा आणि समोर उकिडवा बसायचा. त्याचं म्हणणं, तोंडाला विसर पडतो, तोंडाला मोठेपणाची सवय लागते. हाताचं तसं नाही. हात एकदा डावावर बसला की चाळीस वर्षांमागचं घर बरोबर हुडकून काढतो.

कुशाबा चौथी शिकलेला. मालवणजवळच्या खेड्यातून अठराव्या वर्षी मुंबईला आला, गिरणीत लागला, आणि गिरणी बंद पडल्यावर एका शाळेत शिपाई झाला. तिथं मधल्या सुट्टीत दोन मुलींचं भांडण सोडवायला गेला आणि या नादाला लागला. मुली ठिकरी खेळत होत्या. एक म्हणे, शेवटच्या घराला समुद्र म्हणायचं. दुसरी म्हणे, विहीर. कुशाबानं घंटा द्यायची सोडून चौकशी केली. समुद्रवालीची आजी देवगडची, विहीरवालीची साताऱ्याकडची. दोघी जन्मल्या लालबागेत, गाव पाहिलेलं उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं. पण लंगडी घालत घालत जी ती आपल्या आजीच्या दारात पोचत होती. त्या दिवशी घंटा सात मिनिटं उशिरा झाली, हेडमास्तरांनी झापलं, आणि संध्याकाळी कुशाबानं पहिली वही आणली.

आता तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि वह्या एकोणीस झाल्या होत्या. कोणता खेळ कुठल्या गावचा, कोणत्या गिरणीच्या आवारात खेळला जाई, संपाच्या काळात त्यात काय बदललं, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. दादरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणारी मृणालिनी नावाची बाई कुठूनतरी ऐकून आली, दोन दिवस वह्या चाळत बसली आणि म्हणाली, "काका, याचं पुस्तक करू." कुशाबाची सून सीमा परळच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करी. चार महिने, कामावरून आल्यावर, ती त्या वह्या टाइप करत होती. तिचा नवरा राहुल चेष्टा करायचा, "तुला पगार वाढवून मिळाला काय बाबांकडून?" पण तिलाच गोडी लागली होती. सासरा बोलायचा मोजकं. वह्यांत मात्र मोकळा भेटायचा.

पुस्तकाचं प्रकाशन रविवारी दादरला, आणखी दोन पुस्तकांबरोबर, व्हायचं होतं. गुरुवारी छपाईआधीची शेवटची प्रत आली आणि तिथंच सगळं बिघडलं.

बिघडलं ते सीमाच्या एका साध्या प्रश्नानं. मृणालिनीनं प्रत्येक खेळाखाली एक चौकट ठेवली होती: खेळणारे किती, सामान काय, वेळ किती. बासष्ट खेळांपैकी एकसष्ट चौकटी भरल्या होत्या. एकीत वेळ भरायची राहिली होती.

"बाबा, सातघरीला वेळ किती लिहू?"

सातघरी म्हणजे पुस्तकाचा मानाचा खेळ. मुखपृष्ठावर त्याच्याच दगडाचा फोटो होता. काळाचौकीच्या एका गल्लीत, मसाला कुटून देणाऱ्या डंकाच्या दारात हा काळा दगड पडलेला. मिरच्यांच्या पिशव्या घेऊन आलेल्या बायका नंबर येईपर्यंत त्याच्यावर बसत, आणि त्याच्या खळग्यांत बारा महिने लाल तिखट साचलेलं असे. सात खळग्यांच्या दोन ओळी. दरेकात चार चिंचोके. आपल्या एका घरातले उचलायचे, पुढच्या घरांत एकेक पेरत जायचं. शेवटचा पडला आणि त्याच्या पुढचं घर रिकामं निघालं, तर त्याच्याही पलीकडच्या घरातलं सगळं मारायचं. ही झाली चौदा घरं. पण दगडाच्या कडेला, ओळीबाहेर, पंधरावा एक खळगा होता, बाकीच्यांहून खोल. त्याचं नाव कुशाबाच्या वहीत होतं 'सरदाराचं घर'. दोघांनी मारलेला माल त्यात टाकायचा, आणि जो समोरच्याची घरं आधी ओस पाडील त्यानं तो सगळा उचलायचा.

"वेळ?" कुशाबा म्हणाला. "लिही... थांब जरा."

त्यानं कापडावर काढलेला पट पसरला आणि डावा हात उजव्या हाताविरुद्ध बसवला. सीमानं मोबाइलवर वेळ लावली. पाच मिनिटांत डाव्या हाताची घरं ओस पडली. पुन्हा मांडला. सहा मिनिटं. तिसऱ्यांदा चार.

"लिहू पाच मिनिटं?"

कुशाबा उठून गॅलरीत गेला, कठड्याला धरून उभा राहिला, आत आला, पुन्हा बाहेर गेला. त्याला स्वस्थता नसली की तो डाव्या हाताचा अंगठा मुठीत धरून ओढत राही. तो ओढत होता.

"इतकी वर्षं शाळाशाळांत पोरांना हा खेळ शिकवताना कधी वाटला नाय असा," तो म्हणाला. "पोरांची सुट्टी तेवढीच. पटकन संपतो म्हणून ती खूश, ती खूश म्हणून मी खूश. पण सीमा, पाच मिनिटांच्या खेळासाठी काळ्या दगडात पंधरा खळगे कोण खोदतलो गो? हात सोलून निघतात. दगडात कोरलेला खेळ सबंध दुपार खातो."

"मग नियम चुकीचा?"

"काहीतरी चुकलासा."

"पण सांगितला कुणी तुम्हाला? खेळून दाखवला असेल ना?"

या प्रश्नावर कुशाबानं तोंड फिरवलं. नियम सांगितला होता तळमजल्यावरच्या रमाकांत पडवळनं. पडवळ गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होता. मॅट्रिक झालेला, इस्त्रीच्या शर्टातला. कामगारांच्या हजेऱ्या त्याच्या हाताखालून जायच्या. वीस वर्षांपूर्वी त्यानं खुर्चीत बसल्या बसल्या नियम सांगितला, आणि कुशाबानं उभ्या उभ्या लिहून घेतला. साऱ्या गिरणगावाला डावावर बसवणाऱ्या कुशाबाला पडवळसाहेबांपुढं चिंचोके ओतायचा धीर झाला नव्हता.

शुक्रवारी सीमानं सुट्टी टाकली. तिला राहवेना. सासरा सकाळपासून दोनदा काळाचौकीला जाऊन दगड बघून आला होता; डंकवाल्यानं विचारलं होतं, "काका, काही हरवलंय का?"

"तो दगड मुळात कुठला?" तिनं विचारलं.

"तिथलोच. डंकाच्या जागेवर खानावळ होती. मागच्या ओट्याचा दगड तो. खानावळ मोडली तेव्हा पुढं आणून टाकला."

"कुणाची खानावळ?"

"बकुळाबाईची. मी नऊ वर्षं जेवलोय तिथं. सासूबाई तुझी मुंबईत येईपर्यंत."

"मग बकुळाबाईंना विचारलं तुम्ही?"

कुशाबा तिच्याकडं बघत राहिला. "तिका काय विचारायचा? ती जेवण करायची."

सीमाला हसू आलं आणि रागही आला. "बाबा, दगड तिच्या ओट्याचा. सबंध दिवस घरात ती. आणि तुम्ही वीस वर्षं गावभर पुरुषांना विचारत फिरलात?"

"कामगारांचो खेळ म्हणून..." कुशाबा म्हणाला आणि वाक्य तिथंच सोडून चपला शोधू लागला.

बकुळाबाई अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत मुलाकडं राहते, एवढं त्याला ठाऊक होतं. बसमध्ये जागा रिकामी असून तो बसला नाही. सबंध रस्ता दांडीला धरून उभा, आणि प्रत्येक थांब्याला विचारतोय, "आला काय?" कंडक्टर शेवटी वैतागला. "अहो काका, तुम्हीच चालवता का गाडी?"

बकुळाबाई चौऱ्याऐंशीची. अंगानं वाळलेली, पण डोळे लख्ख. खाटेवर बसून मटार सोलत होती. कुशाबाला तिनं पहिल्या नजरेत ओळखलं.

"धुरी ना तू? भात दोनदा घेणारा? ये. आणि ही कोण, सून? बस गं बाई. हा काही बसायचा नाही, हा पूर्वीपण उभ्यानं पाणी प्यायचा."

कुशाबानं बसून पट पसरला. चिंचोके ओतले. काही विचारायच्या आतच म्हातारीचा हात मटारावरून उठला आणि पटावर आला. एकेका घरात चार-चार, न मोजता.

"कुठनं आणलंस हे? आमचा दुपारचा खेळ."

"तुमचो?"

"मग कुणाचा? सकाळपाळीची पंगत उठली, भांडी झाली, की आम्ही चौघीजणी बसायचो. संध्याकाळच्या भाज्या चिरेपर्यंत दोन तास आमचे. नऊ वर्षं माझ्या हातचं जेवलास, धुरी, पण कधी विचारलंस, बकुळाबाई, दुपारची तू काय करतेस?"

कुशाबानं मान खाली घातली. "नाय विचारलं."

"भांडी आपोआप घासली जातात असं वाटायचं तुम्हां सगळ्यांना. चल, उचल तुझं घर."

दोघं खेळू लागले. म्हातारीचा हात चिमणीसारखा चालत होता. सीमाच्या ध्यानात आलं, की दर वेळी माल मारला की ती त्यातला एक चिंचोका पंधराव्या घरात टाकते आणि बाकीचा ओटीत घेते. कुशाबाच्याही ध्यानात आलं. त्यानं विचारायला तोंड उघडलं.

"बोलू नको. खेळ."

चौथ्या फेरीत कुशाबाची सातही घरं ओस पडली. तो गुडघ्यावर हात ठेवून उठू लागला.

"उठतोस कुठं? संपला नाही डाव."

"माझ्याकडं दाणा नाय एक."

"म्हणूनच म्हणते बस. ते कडेचं घर कशाला आहे? बदलीचं घर ते. ज्याच्या हातात काही उरलं नाही त्यानं ते उचलायचं आणि पुन्हा मांडायचं. उचल."

कुशाबाचा हात पटावर आला आणि तसाच थांबला.

बदली म्हणजे काय हे सीमानं वह्यांत वाचलं होतं. गिरणीत कायमची नोकरी नसलेला कामगार. रोज पाळीच्या वेळेला फाटकाशी येऊन उभं राहायचं. कुणी कायमचा कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी आत, नाहीतर परत. कुशाबा सहा वर्षं बदली होता. पण बदलीचं असं काही घर असतं, हे कुठल्या वहीत नव्हतं.

"जुन्नरकडचा एक पाथरवट होता," बकुळाबाई सांगू लागली. "दगडाचं काम सुटलं म्हणून गिरणीत आला, बदलीवर. एकदा अकरा दिवस लागोपाठ फाटकातून परत. माझा नियम होता, काम मिळो न मिळो, ताट वाढायचं. पण त्याला फुकटचं गिळवेना. बाराव्या दिवशी म्हणाला, बाई, ओट्याच्या दगडावर काही करून देतो. पाटा करून देतो म्हणाला. पाटा होता मला. मी म्हटलं, आम्हां बायकांना खेळायला घरं कर. त्यानं चौदा केली आणि कडेला हे एक केलं. म्हणाला, हे माझं."

"आणि नियम?"

"नियम आमचा. त्याचं घर तर भरायला हवं ना रोज? म्हणून प्रत्येकीनं मारल्यातला एक टाकायचा. मग डाव मोडेना. दोन-दोन तास चालायचा. हरलेली पुन्हा उभी राहायची आणि मघाशी जिंकणारीला झोपवायची. फार मजा." ती हसली. "तुम्ही पुरुष हात धुवायला मागं यायचात आणि त्यात विडीची राख झाडायचात. किती शिव्या घातल्यात मी."

कुशाबानं बदलीचं घर उचललं. सहा चिंचोके होते. त्यानं ते पेरले. डाव आणखी दीड तास चालला. सीमानं चौकटीपुरती वेळ पाहून ठेवली, आणि मग मोबाइल पर्समध्ये टाकला. परतीच्या बसमध्ये कुशाबा म्हणाला, "त्या ताटावर मीपण जेवलो. कितींदा जेवलो, ठाऊक नाय."

शनिवारी सकाळी तो आधी पडवळकडं गेला. सीमा दारापर्यंत बरोबर होती. छपाईआधीच्या प्रतीत सातघरीखाली नाव होतं: माहिती, श्री. रमाकांत पडवळ.

पडवळनं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "म्हणजे मी खोटं बोललो?"

"तसा नाय, पडवळसाहेब. तुम्ही कधी खेळला होतात?"

"मी? बायकांत बसून?"

"बघितला होता?"

"बघितला म्हणजे... जेवायला गेलं की मागच्या खिडकीतून दिसायचं. त्या घरात दाणे टाकतात आणि कोणीतरी एकदम उचलतं. मला वाटलं, जिंकलेली उचलत असणार. दुसरं कोण उचलेल?" त्याचा आवाज चढला. "कुशा, उद्या माझी नात पुण्याहून येतेय. आजोबांचं नाव पुस्तकात आलंय म्हणून. तिला काय सांगू?"

"चूक तुमची नाय. मी तुम्हांला डावावर बसवला नाय, ती माझी चूक."

"मग राहू दे ना! कोणाला कळणार आहे? ती म्हातारी काय पुस्तक वाचायला येणार आहे?"

कुशाबा अंगठा ओढत उभा राहिला. पडवळनं वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. बोलणं संपलं होतं.

वर आल्यावर सीमानं मृणालिनीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काका, छपाई आज दुपारी सुरू होतेय," मृणालिनी म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. "सातघरी मुखपृष्ठावर आहे, प्रस्तावनेत आहे, मधल्या चार पानांत आहे. सगळं पुन्हा लावायचं तर उद्याचं विसरा. यंदाचंच विसरा. पुढच्या वर्षी छपाईला पैसे मिळतील की नाही, मी शब्द देऊ शकत नाही. त्यापेक्षा आत दुरुस्तीची चिठ्ठी घालू. सगळे घालतात."

"चिठ्ठी गळून पडते, बाई."

"अहो, इतकं बारीक कोण बघतं?"

"जो खेळायला बसेल तो बघेल. हा खेळ हरलेल्याला परत बसवणारो आसा, आणि मी लिहिलं की जिंकलेल्यानं सगळं न्यायचं. बदलीचं घर मी सरदाराला देऊन टाकलं. उलटाच केलं सगळा."

सीमा मध्ये पडली. "बाबा, चार महिने झालेत. बासष्ट खेळ आहेत. एका खेळासाठी एकसष्ट का बुडवायचे?" तिचा आवाज तिला स्वतःलाच कडक वाटला. पण ती मागं हटली नाही. "तुमचं वय बघा. पुढचं वर्ष कुणी पाहिलंय?"

कुशाबानं तिच्याकडं पाहिलं. राग नव्हता त्याच्या नजरेत. "बरोबर बोलतंस तू," तो म्हणाला. "पण एकसष्ट खेळ लोकांनी माका दिले ते मी पारखून घेणार म्हणून. या एकात मी माणूस बघून नियम घेतलो. तो तसाच छापला, तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवतलो?" मग फोनकडं वाकून म्हणाला, "थांबवा, बाई. माझ्यामुळं त्रास झाला. माफी असावी."

रविवारी दादरला दुसरी दोन पुस्तकं निघाली. कुशाबा गेला नाही. घरात दिवसभर येरझाऱ्या. जेवताना उठला, पाणी पिताना उठला. पडवळच्या घरात नात आलेली ऐकू येत होती; पडवळचा आवाज मात्र ऐकू येत नव्हता. संध्याकाळी राहुल म्हणाला, "बाबा, झालं ते झालं. आता बसा निवांत." कुशाबा म्हणाला, "पुस्तक थांबलं. पोरं खंय थांबलीत?"

तेव्हा सीमाच्या डोक्यात प्रकाश पडला, की सासऱ्याला टोचणी पुस्तकाची नव्हतीच. वीस वर्षं त्यानं आठ शाळांत जाऊन पोरांना सातघरी शिकवली होती. पुस्तक अजून एकाच्याही हातात पडलं नव्हतं. चुकीचा खेळ मात्र शेकडो हातांत बसला होता. त्यातल्या काहींना आता पोरं झाली असतील. तीही पाच मिनिटांत एकमेकांची घरं ओस पाडून उठत असतील, आणि हरलेला तोंड पाडून बाजूला होत असेल.

सोमवारी सकाळी कुशाबानं स्वच्छ सदरा घातला. पट गुंडाळून काखेत घेतला, पिशवीत चिंचोके भरले. सीमा कामावर निघायच्या घाईत होती. गळ्यात लॅबचं कार्ड, एका पायात चप्पल.

"कुठल्या शाळेत आधी?"

"काळाचौकीच्या. तिथंच सुरुवात केली होती."

"ते आत घेतील का? आता नवे मास्तर असतील."

"नाय घेतलं तर फाटकाशी उभो राहीन. माका सवय आसा."

तो जिना उतरला. सीमा गॅलरीत आली. खाली पडवळ दारात खुर्ची टाकून बसला होता. कुशाबा समोरून जाऊ लागला तसं त्यानं वर्तमानपत्र खाली केलं.

"कुशा, किती शाळा?"

"आठ."

"आठ दिवसांत होतील?"

"एका शाळेक एक दिवस पुरायचो नाय, पडवळसाहेब. मागचं विसरायला लावायचं आसा आधी."

पडवळ आणखी काही बोलणार होता. कुशाबा थांबला नाही. चाळीच्या तोंडाशी एका टेम्पोला वाट देऊन तो रस्त्याला लागला. पावलं भराभर, डावा अंगठा मुठीत. सीमाला उशीर होत होता, तरी दुसरी चप्पल हातात घेऊन ती कठड्याशी उभी राहिली, त्याचा पांढरा सदरा कोपऱ्यावरच्या गर्दीत मिसळेपर्यंत. मग तिनं खाली पाहिलं. पडवळ खुर्चीतून उठून दारात उभा होता, आणि कुशाबा दिसेनासा झाला तरी तिकडंच बघत होता.